बर्फातली वर्गणी

अमेरिकेत फुकटचा सल्ला द्यायचा असेल तर आधी हजारभर पानांचं पुस्तक वाचावं लागतं, लेखी परीक्षा द्यावी लागते, प्रात्यक्षिक करून दाखवावं लागतं, आणि या सगळ्याचे पैसेही आपल्याच खिशातून जातात. डोंबिवलीत हेच काम जिन्यात उभं राहून, हातातली दुधाची पिशवी खाली न ठेवता होतं. त्यामुळे कोलोरॅडोत बॅककंट्री स्की पेट्रोलची स्वयंसेविका व्हायचं मी ठरवलं, तेव्हा मला त्यात अवघड असं काही दिसलं नव्हतं. डोंगरात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘अहो, तिकडे जाऊ नका’ म्हणायचं. ही पात्रता माझ्या अंगी जन्मतःच होती.

बॅककंट्री म्हणजे काय, ते आधी सांगते. स्की रिसॉर्टमध्ये वर न्यायला लिफ्ट असते, उतार यंत्राने सारखा केलेला असतो, धोक्याच्या जागी दोरी बांधलेली असते आणि भूक लागली तर ‘चिली’ नावाची महागडी खिमा-उसळ मिळते. बॅककंट्रीत यातलं काहीच नसतं. तिथे लोक स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची लवदार पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा मोहेरची असते. ती लावून तीन तास घाम गाळत डोंगर चढायचा, वर पोचल्यावर वाऱ्यात कुडकुडत ती सोलून काढायची, आणि वीस मिनिटांत खाली यायचं. खाली आल्यावर सगळे एकमेकांना ‘किती छान झालं’ म्हणतात. वीस मिनिटं छान झाली, हे खरं. उरलेल्या तीन तासांबद्दल कुणी बोलत नाही.

ठाण्याच्या मामाला फोनवर ही बातमी दिली.

“पगार किती?”

“पगार नाही, मामा. उलट दरवर्षी आपणच वर्गणी भरायची.”

“जाकीट तरी ते देतात ना?”

“तेही आपलं आपण घ्यायचं. स्की आपले, बूट आपले, गाडीतलं पेट्रोल आपलं.”

“आणि लोक पडले की तुम्ही उचलायचं.”

“हो.”

“अगं, मग सरळ सांग ना, गणेश मंडळात गेलीस म्हणून!”

मामाने उभी हयात मंडळाचं खजिनदारपद सांभाळलेलं आहे, त्यामुळे त्याचं निदान बरोबरच असणार. आमच्या गटात सगळेच कार्यकर्ते सापडतात. ‘आमच्या वेळी लाकडी स्की होते’ म्हणणारे ज्येष्ठ आहेत. फोटोच्या दिवशी नेमके हजर राहणारे आहेत. अंधार पडेपर्यंत दोर गुंडाळत बसणारे आणि एकाही फोटोत न दिसणारे आहेत. नवा दोर निळा घ्यायचा की नारिंगी, यावर सभेत तासभर चर्चा होते, आणि मग तो पुढच्या वर्षी घ्यायचं ठरतं. फरक एवढाच की, कुणाचं विसर्जन होऊ नये यासाठी आमचा हा सगळा खटाटोप.

या मंडळाचा संस्थापक विम्याचा धंदा करणारा होता, हे मला फार आवडतं. चार्ल्स मायनॉट डोल हे त्याचं नाव, पण सगळे त्याला ‘मिनी’ म्हणत. 1936 च्या सुरुवातीला व्हरमाँटमधल्या स्टो इथे, बर्फावर पाऊस पडत असताना, हा गृहस्थ स्कीवरून पडला आणि त्याचा घोटा मोडला. खाली आणायला तिथे काहीही सोय नव्हती. शेवटी मित्रांनी कुठून तरी छपराचा पत्रा पैदा केला आणि त्यावर घालून त्याला ओढत खाली आणलं. मोडक्या घोट्यानिशी पत्र्यावरून डोंगर उतरलेल्या माणसाला सुरक्षेचा विचार सुचला नाही तरच नवल. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याला सोडवणाऱ्यांपैकी फ्रँक एडसन हा मित्र स्कीच्या शर्यतीत अपघात होऊन गेला. डोलने मग हा विषय सोडलाच नाही. 1938 मध्ये ‘नॅशनल स्की पेट्रोल’ उभी राहिली. आज तिचे तीस हजारांच्या आसपास सभासद आहेत. त्यातले बहुतेक रिसॉर्टमध्ये काम करतात. लिफ्ट नसलेल्या रानात फिरणारे आमच्यासारखे गट मोजकेच.

दुसऱ्या महायुद्धात तर याच डोलने सरकारच्या मागे लागून डोंगरी सैन्य उभं करायला लावलं. त्यासाठी माणसं निवडायचं काम स्की पेट्रोलकडे आलं आणि भरती होणाऱ्याने तीन शिफारसपत्रं आणावीत असा नियम झाला. बाकीच्या सैन्यात सरकार घरी चिठ्ठी पाठवून बोलावून घेत होतं; इथे मरायला जायचं तर चारित्र्याचा दाखला लागत होता! त्यातूनच दहावी माउंटन डिव्हिजन झाली. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलजवळ कॅम्प हेलला नऊ हजार फुटांवर तिचं प्रशिक्षण झालं, आणि 1945 मध्ये तिने इटलीतला रिव्हा रिज रात्रीच्या अंधारात चढून घेतला. आमच्यातले ज्येष्ठ हा इतिहास असा सांगतात की, स्वतः दोराच्या दुसऱ्या टोकाला होते असं वाटावं.

माझी लढाई मात्र दिवाणखान्यातल्या गालिच्यावर झाली. ‘आउटडोअर इमर्जन्सी केअर’ नावाचा प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम पार केल्याशिवाय पेट्रोलर होता येत नाही. डोक्यापासून तळपायापर्यंत माणसाचं जे जे मोडू, फाटू, गोठू शकतं, ते सगळं त्यात आहे. आता सरावाला रोगी हवा. नवरा एकदा आडवा झाला की खरोखरच झोपतो, आणि झोपलेला व बेशुद्ध यांतला फरक अजून आम्हाला शिकवायचा होता. सुदैवाने त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

पहिला नियम असा की, जखमी माणसाला हात लावण्याआधी आपली ओळख सांगायची आणि परवानगी मागायची.

“आई, मी स्की पेट्रोलची आहे. मी तुम्हाला मदत करू का?”

“इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस. आज काय विशेष?”

“शुद्धीवर असलेला माणूस नको म्हणाला, तर त्याला हात लावता येत नाही.”

“आणि बेशुद्ध असला तर?”

“तर कायदा त्याचा होकार धरून चालतो.”

“म्हणजे घरात चालतं तेच.”

परवानगी मिळाली. पुढे रोग्याला ठरलेले प्रश्न विचारायचे असतात : काय होतंय, कसली ॲलर्जी, औषधं कोणती, पूर्वीचे आजार, शेवटचं काय खाल्लं, नेमकं काय घडलं. पुस्तकातले रोगी याची उत्तरं दोन-दोन शब्दांत देतात. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या सासूबाईंची आणि माझी ओळख नाही.

“कसली ॲलर्जी?”

“वांग्याची. पण खाते.”

“औषधं?”

यावर त्या सरावापुरत्या मोडलेल्या मांडीनिशी उठल्या आणि आतून गोळ्यांचा डबा घेऊन आल्या. पूर्वीच्या आजारांची सुरुवात शाळेत असताना झालेल्या टायफॉइडपासून झाली आणि वाटेत त्यांच्या नणंदेचं पित्ताशयाचं ऑपरेशनही उरकलं. शेवटचं काय खाल्लं? “साबुदाण्याची खिचडी. कूट कमी होतं. तूच केली होतीस.” आणि नेमकं काय घडलं? “मी मालिका बघत होते. तू म्हणालीस, खाली झोपा.”

मांडीचं हाड मोडलं की भोवतीचे दणकट स्नायू आकसतात आणि हाडाची तुटलेली टोकं एकमेकांवर चढतात. म्हणून पाय घोट्याकडून ओढून, ताण देऊन पट्ट्यांनी बांधायचा. त्याला ट्रॅक्शन स्प्लिंट म्हणतात. पण बांधण्याआधी जखम उघडी करून बघायची, आणि त्यासाठी कपडे कापायला एक खास वाकडी कात्री असते. ती बाहेर काढताच सासूबाईंनी आपली परवानगी मागे घेतली. शुद्धीवरचा माणूस ती कधीही मागे घेऊ शकतो, हेही पुस्तकात आहे. साडी वाचली आणि स्प्लिंट वरूनच बांधला. तो बांधलेला असतानाच त्यांनी फोनवरून डोंबिवलीतल्या शेजारच्या मैत्रिणीशी अर्धा तास गप्पा मारल्या. “हो, हो, पायच बांधून ठेवलाय सुनेने,” एवढंच एक वाक्य मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

त्यांना या कामाची गोडी लागली. प्रात्यक्षिक परीक्षेला खोटे रोगी लागतात. उमेदवारांच्या घरचीच माणसं रंगरंगोटी करून, खोटं रक्त लावून बसतात. सासूबाईंना मोडलेल्या मनगटाची भूमिका मिळाली. आता गारठलेल्या माणसाची लक्षणं आम्हाला अशी शिकवलेली असतात : तो अडखळतो, पुटपुटतो, हातातल्या वस्तू पाडतो आणि कुरकुर करतो. परीक्षेच्या हॉलमध्ये हीटर धड चालत नव्हता. सासूबाई त्याबद्दल मराठीत जे पुटपुटत होत्या, ते एका तरुण उमेदवाराने नीट कान देऊन ऐकलं आणि मनगट सोडून त्यांना तीन ब्लँकेटांत गुंडाळलं. परीक्षकांनी त्याचे गुण कापले. सासूबाईंच्या मते, संपूर्ण हॉलमध्ये अक्कल असलेला तो एकटाच मुलगा होता.

प्रथमोपचार माणसांचा असतो, त्यात निदान बोलणं तरी होतं. हिमस्खलनाच्या वर्गात समोर बर्फ असतो. हिमस्खलनाच्या बळींत अमेरिकेतल्या राज्यांमध्ये कोलोरॅडो सर्वांत पुढे आहे, आणि त्याचं एक मोठं कारण जमिनीलगत दडलेलं असतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला इथे थोडासा बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे आकाश निरभ्र. खाली जमिनीची ऊब, वर कडाक्याची थंडी. या फरकामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाच्या कणांचे कोनदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे होतात. इथले लोक त्याला साखरच म्हणतात. मग जानेवारीत त्या साखरेवर दोन-तीन फूट नवा बर्फ घट्ट बसतो. वरून पाहणाऱ्याला सुंदर पांढरा उतार दिसतो. उताराचा कोन तीस ते पंचेचाळीस अंशांत असला आणि त्यावर एक उत्साही माणूस चढला, की तळाची साखर ढासळते आणि वरची अख्खी लादी माणसासकट खाली येते. प्राणघातक अपघातांत दहातल्या नऊ वेळा ही लादी सुटते ती अडकलेल्या माणसामुळे किंवा त्याच्याच सोबत्यामुळे.

बर्फ कितपत पक्का आहे हे तपासायची एक पद्धत आहे. खड्डा खणायचा, फूटभर रुंद आणि तेवढाच जाड असा बर्फाचा खांब मोकळा करायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब सरकतो ते वहीत लिहायचं. भर डोंगरात, उणे पंधरा तापमानात, चार सुशिक्षित माणसं खड्ड्यात उतरून थापा मोजत आहेत, हे दृश्य मी सासूबाईंना व्हिडिओवर दाखवलं. त्या म्हणाल्या, “आणि घरी कपाट आवरायला वेळ नाही.”

राज्याची हिमस्खलन माहिती संस्था हिवाळ्यात रोज धोक्याचा अंदाज देते. पातळ्या पाच. सगळ्यात घातक ठरते ती तिसरी, आणि त्याचं कारण आमच्या शिक्षकांनी बराच वेळ समजावून सांगितलं : चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरी बसतात, तिसरी म्हणजे मधलीच की, असं समजून निघतात. मला हे लगेच पटलं. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. आपल्याकडे त्याला फर्स्ट क्लास म्हणतात.

इयन मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने सातशेहून अधिक हिमस्खलन अपघात तपासून पाहिले. माणसं मरतात ती धोक्याच्या खुणा नसतात म्हणून नव्हे, असं त्याला आढळलं. बहुतेक ठिकाणी खुणा होत्या, दिसत होत्या, आणि तरी माणसं पुढे गेली. का गेली, त्याची त्याने यादी केली आहे. ओळखीची वाट आहे. ठरवलंय तर जाऊच. बरोबरच्यांसमोर वाईट दिसेल. आपल्यातल्या त्याला सगळं कळतं. बाकीचे गेलेच आहेत ना. दुसऱ्या कुणी जायच्या आत आपण जाऊ. ही यादी मी वर्गात बसून उतरवून घेतली. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं याच सहा कारणांनी ठरली आहेत.

एवढं झाल्यावर स्लेज. आमच्या हद्दीत पुष्कळसा भाग संरक्षित वनाचा आहे, आणि 1964 च्या कायद्याप्रमाणे तिथे मोटर चालत नाही. त्यामुळे जखमी माणूस स्लेजवर बांधायचा आणि हाताने ओढत आणायचा. पुढे एक जण, मागे दोराला लटकून एक जण. ओढायला शिकण्याआधी प्रत्येक उमेदवाराने त्या स्लेजवर स्वतः बांधून घ्यायचं असतं. हात-पाय पट्ट्यांत, डोळ्यांसमोर फक्त आकाश, आणि ज्याने कालच गाठ मारायला शिकून घेतली असा माणूस आपल्या डोक्याशी. त्या अवस्थेत पुढच्याने “मी डावीकडे घेतोय” आणि मागच्याने त्याच क्षणी “उजवीकडे ना?” म्हटलं, की परमेश्वराच्या अस्तित्वाविषयीचे सगळे वाद मिटतात. मिनी डोलच्या पत्र्यापेक्षा हे नक्कीच बरं, असं मी स्वतःला बजावत राहिले.

रेडिओवर बोलायचंही शिकावं लागलं. बटण दाबण्याआधी विचार करायचा, मग थोडक्यात सांगायचं, समोरच्याने ते पुन्हा म्हणून दाखवायचं. ‘काय म्हणतेस, कशी आहेस’ नाही, ‘बाकी काय’ नाही, आणि ‘चल मग ठेवते’ म्हटल्यावर पुन्हा दहा मिनिटं बोलणं तर मुळीच नाही.

तर आता ते लाल जाकीट माझ्या अंगात आहे, पाठीवर पांढरा क्रॉस आहे, आणि पाठपिशवीत स्प्लिंट, पट्ट्या, तंबूचं कापड, दोर, फावडं, बर्फात टोचून बघायची लांब सळई आणि इतरांसाठीचा सुका खाऊ आहे. गेटजवळ, दहा हजार फुटांच्या वर, ब्रेनर्ड लेककडे जाणारा रस्ता हिवाळ्यात जिथे बंद होतो तिथे मी शनिवारी उभी असते. वारा असा असतो की सरळ उभं राहणं हेच पहिलं कौशल्य. वाचलेल्या हजार पानांपैकी तिथे रोज उपयोगी पडतात ती चार : टाचेच्या फोडावर पट्टी लावणे, पाणी पाजणे, उन्हाने डोळे चुरचुरणाऱ्याला चष्मा देणे आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगणे. हे शेवटचं खरं तर पुस्तकात नाही.

आणि मुख्य म्हणजे आम्हाला काडीचाही अधिकार नसतो. पोलीस नाही, रेंजर नाही. शोध आणि बचावाची कायदेशीर जबाबदारी काउंटीच्या शेरीफची. आम्ही कुणाला अडवू शकत नाही, परत पाठवू शकत नाही. कॅनव्हासचे बूट घालून आलेला तरुण दिसतो. हिमस्खलनात सापडलेल्याला शोधायला लागणारा बीकन हौसेने छातीवर बांधलेला, पण बटण बंद ठेवलेला गृहस्थ दिसतो. तोंडावर येतं, ‘अहो, डोकं ठिकाणावर आहे का?’ पण प्रशिक्षणात पढवलेलं असतं की, सल्ला दिला की माणूस हट्टाला पेटतो. प्रश्न विचारला तर थोडा थांबतो. म्हणून हसतमुखाने म्हणायचं, “आज कुठे निघालात? आजचा अंदाज काय म्हणत होता?” आणि मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्या अभ्यासक्रमात अवघड. मांडीचं हाड त्यामानाने सोपं.

याची खरी परीक्षा एका शनिवारी झाली. चार तरुण मुलं आली, भाड्याचे स्की, नवे कोरे कपडे. मी नेहमीचे प्रश्न विचारले आणि ती बाजूला होऊन आपसांत बोलू लागली, मराठीत. मी हेल्मेट, गॉगल आणि नाकापर्यंत मफलर अशा अवतारात होते.

“हिला काय जातंय विचारायला?”

“आपण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय रे. हे काय आहे त्याच्यापुढे?”

“पण फावडं एकच आहे आपल्याकडे. तू गाडला गेलास आणि फावडं तुझ्याच पाठीवर असलं तर?”

“तर तू हाताने काढ.”

“पंधरा मिनिटांत? त्यानंतर काही खरं नाही म्हणे.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“रात्री वाचलं. तुम्ही झोपला होतात.”

नळीची वाट मला ठाऊक आहे. आणि सह्याद्रीत अशा वाटांवर अडकलेल्यांना काढायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी आपली कामं टाकून, एक पैसा न घेता रात्री-अपरात्री धावतात, हेही ठाऊक आहे. त्या मुलांना सांगण्याजोगं माझ्याकडे इतकं होतं की, दुपार झाली असती. पण वाद चांगला चालला होता आणि योग्य बाजू जिंकत होती. माझ्या आवाजाने ती एका क्षणात पुतण्यांची पलटण झाली असती, आणि पुतणे काकूचं ऐकत नाहीत. दातांखाली जीभ धरून मी उभी राहिले. पाच मिनिटांनी त्यांनी मला इंग्रजीत विचारलं की, आज उताराखाली न जाता झाडीतून फिरता येईल अशी सपाट वाट कोणती. मी नकाशावर दाखवली, ती गेली आणि तिन्हीसांजेला तांबड्या नाकांनी परत आली.

सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना धक्काच बसला. “मराठी मुलं, परक्या देशात, आणि तू साधं कुठली म्हणून विचारलं नाहीस? लग्नं झालीत का? डबा तरी होता का बरोबर?” नियम समजावून सांगितला, तो त्यांनी अमान्य केला.

दर शरद ऋतूत आम्हाला प्रथमोपचाराची उजळणी करावी लागते. सगळा अभ्यासक्रम तीन वर्षांत वाटून दिलेला असतो, दर वर्षी एक हिस्सा, आणि ती केल्याशिवाय त्या हिवाळ्यात जाकीट घालता येत नाही. सासूबाई तिकीट काढण्याआधी आता तारखा विचारून घेतात. परवा फोन आला.

“यंदा काय मोडायचंय?”

“यंदा डोकं आणि पाठीचा कणा, आई.”

“चालेल. पण मालिका संपल्यावर. आणि त्या मुलाला बोलाव, ब्लँकेटवाल्याला.”